गिटार रेकॉर्ड करताना मध्येच आवाज तुटतो, मागे सतत घरघर येते. मदत हवी आहे

मोरपंखी | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात आईला ७५ वर्षं पूर्ण होतायत. तिच्या वहीतल्या पाच कविता मी चालीत बसवल्या आहेत. कविता तिच्याच आवाजात वाचून घ्यायच्या आणि मागे माझी गिटार, असा बेत आहे. गिटार १२ वर्षं वाजवतेय, पण कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग पहिल्यांदाच. दोन इनपुटचा एक ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज कॉम्प्युटरमध्ये नेणारा डबा) घेतला, लॅपटॉपला जोडला, आणि तेव्हापासून दोन गोष्टींनी जीव मेटाकुटीला आणलाय.

पहिली: दर काही सेकंदांनी 'टक्' होतं आणि सुराचा तुकडाच गायब होतो. चांगला जमलेला टेक दर वेळी तिथेच मरतो.

दुसरी: मी हात लावला नाही तरी मागे घरघर चालू असते, आणि तिच्यावर एक बारीक शिट्टीसारखा सूर. मुलगी म्हणाली, "आई, गिटारीत गांधीलमाशी शिरलीये."

घर साताऱ्यात, जुनं आहे. मी माडीवरच्या खोलीत बसते. गिटार इलेक्ट्रिक, तीन सिंगल कॉइल पिकअपची (तारांचा सूर पकडणाऱ्या एकेरी गुंडाळ्या). लॅपटॉप पाच वर्षांचा, विंडोज १०, ८ जीबी रॅम. सॉफ्टवेअर रीपर. दुकानदार म्हणतो लॅपटॉप बदला. खरंच बदलावा लागेल?

निषाद_०७ | सोमवार, रात्री ९:५२

बफर १०२४ करा ताई. काम फत्ते.

तिसरा_फ्रेट | सोमवार, रात्री १०:१५

लॅपटॉप मुळीच बदलू नका.

तुम्हाला दोन वेगळे आजार एकाच वेळी झालेत. तुटणं हा कॉम्प्युटरच्या वेळेचा प्रश्न आहे आणि घरघर हा विजेचा. एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. लोक घरघर जावी म्हणून ड्रायव्हर बदलत बसतात आणि आवाज तुटू नये म्हणून महागडी वायर आणतात.

आधी एवढं सांगा:

रीपरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये ड्रायव्हर कुठला निवडलाय? सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाचे किती नमुने घेतले जातात) विंडोजमध्ये किती आणि रीपरमध्ये किती? इंटरफेस लॅपटॉपला थेट लावलाय की हबमधून? हेडफोन कशात लावता?

आणि सगळ्यात महत्त्वाचं: ती 'टक्' फाइलमध्ये आहे की फक्त ऐकताना येते? तोच टेक तीनदा ऐका. दर वेळी नेमक्या त्याच जागी आली तर ती रेकॉर्डिंगमध्ये गेलेली आहे. जागा बदलत असेल तर टेक शाबूत आहे, फक्त वाजवताना लॅपटॉपची दमछाक होतेय.

मोरपंखी | सोमवार, रात्री ११:०५

तपासलं. ड्रायव्हरच्या जागी 'वेव्हआउट' लिहिलंय, मी काही निवडलं नव्हतं. विंडोजमध्ये ४४१००, रीपरमध्ये ४८०००. इंटरफेस चार तोंडांच्या हबमध्ये, त्यातच माउस आणि पेनड्राइव्ह. हेडफोन लॅपटॉपला.

'टक्' त्याच जागी येते. मोठं करून बघितलं तर लाट मध्येच सुरीने कापल्यासारखी दिसते, उभी कडा.

तिसरा_फ्रेट | मंगळवार, सकाळी ७:३०

छान तपासलंत. उभी कडा म्हणजे तिथले सॅम्पल लॅपटॉपपर्यंत पोचलेच नाहीत.

बफर म्हणजे काय ते आपल्या गच्चीवरच्या टाकीवरून समजून घ्या. नळाला पाणी येतं ते ठरलेल्या वेळी, घरात नळ मात्र सतत सोडलेला. टाकी मोठी असेल तर पाणी अर्धा तास उशिरा आलं तरी कुणाला कळत नाही. टाकी बादलीएवढी असेल तर दहा मिनिटांच्या उशिरानेही नळ कोरडा. प्रोसेसर हा तो पाणी सोडणारा माणूस. त्याला शंभर कामं असतात. तो यायच्या आत टाकी रिकामी झाली की सुरात भोक पडतं. रेकॉर्ड करताना उलटं होतं, टाकी वेळेवर उपसली नाही की वरून वाहून जातं. तुमचे तुकडे असे वाहून गेलेत.

निषाद, टाकी मोठी केली की काम होतं हे खरं, पण त्याची किंमत मोजावी लागते. ४८००० सॅम्पल रेटला १२८ चा बफर म्हणजे २.७ मिलिसेकंद. १०२४ म्हणजे २१ मिलिसेकंद, तेही एका बाजूचे. जाताना आणि येताना धरून ४० च्या वर. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे स्पीकर १४ मीटर लांब ठेवून वाजवल्यासारखं. बोटं पुढे आणि कान मागे. ठेक्यात वाजवणाऱ्याला हे असह्य होतं.

आता ड्रायव्हर. 'वेव्हआउट' हा विंडोजचा फार जुना रस्ता. आवाज त्या रस्त्याने विंडोजच्या मिक्सरमधून फिरून येतो, रमतगमत. स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली एएसआयओ ही ड्रायव्हरची पद्धत काढली ती हाच वळसा टाळायला. इंटरफेसच्या कंपनीच्या साइटवरून त्यांचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर उतरवा. त्यांचा नसेलच तर 'एएसआयओ फॉर ऑल' हे मोफत मिळतं, तेही तुमच्या कामाला पुरेल.

आज फक्त हे करा: ड्रायव्हर एएसआयओ, सगळीकडे ४८०००, बफर २५६, इंटरफेस थेट लॅपटॉपच्या तोंडात. पण एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर दोन मिनिटांचा टेक. चार बदल एकदम केलेत तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

जुना_रेडिओ | मंगळवार, सकाळी ८:१०

एवढा खटाटोप कशाला? मोबाइल समोर ठेवा आणि वाजवा. आईला मुलीचे सूर हवेत, मिलिसेकंद नकोत.

मोरपंखी | मंगळवार, सकाळी ८:४५

काका, तुमचं म्हणणं पटतं. पण आईला उजव्या कानाने कमी ऐकू येतं. मागे घरघर असली की शब्द कळत नाहीत, मग ती नुसती मान हलवते. तिला तिच्याच कविता नीट ऐकू याव्यात, एवढंच हवंय.

जुना_रेडिओ | मंगळवार, सकाळी ८:५०

मग मी माझं म्हणणं मागे घेतो. नीटच करा.

उबंटूकर | मंगळवार, दुपारी १:२०

तिसरा_फ्रेट यांच्याशी सहमत, एक भर घालतो. लिनक्सवर या तुटण्याला 'एक्सरन' म्हणतात आणि जॅक किंवा पाइपवायर हे आवाजाचं सॉफ्टवेअर लावलं की किती झाले त्याचा आकडा समोर दिसतो. मी आर्डर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरवर काम करतो. स्वतःला ऑडिओच्या ग्रुपमध्ये घालून रिअलटाइम प्राधान्य दिलं नव्हतं तोवर माझेही मिनिटाला दहा-बारा व्हायचे, नंतर रात्रभरात एक नाही.

विंडोजवर हे मोजायला 'लेटन्सीमॉन' नावाचं मोफत साधन आहे. दहा मिनिटं चालू ठेवा. कुठला ड्रायव्हर प्रोसेसरला अडवून धरतो ते नावानिशी दिसतं. कॉम्प्युटरमध्ये काही ड्रायव्हर असे असतात की ते काम करत असताना बाकी सगळ्यांनी थांबायचं. ते पटकन आटोपलं तर ठीक, पण तीन-चार मिलिसेकंद अडून बसलं की २.७ ची टाकी वाहिलीच. माझ्या पाहण्यात बहुतेक वेळा दोषी वाय-फाय निघतो, मग ग्राफिक्स कार्ड, मग बॅटरी सांभाळणारा भाग.

पॉवर प्लॅनही 'हाय परफॉर्मन्स' वर टाका आणि त्यात 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा.

वायरमन_आबा | मंगळवार, रात्री ८:३०

मी कोल्हापूरचा. ३४ वर्षं वायरिंग केलं, त्यातली बरीच वर्षं मंडपात आणि ऑर्केस्ट्रात साउंडवाल्यांच्या मागं उभा राहून. कॉम्प्युटरमधलं मला कळत नाही, घरघरीतलं कळतं.

पोरी, मला चार गोष्टी सांग.

१. तारांना हात लावलास की घरघर कमी होते का वाढते?
२. चार्जर काढून लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवलास तर?
३. त्या खोलीत पंख्याचा रेग्युलेटर कसला? सलग फिरणारा, खटक्यांचा, का जुना लोखंडी डबा?
४. अनवाणी बसून वाजवताना तारांना बोट लागलं की मुंग्या येतात का?

चौथ्याचं उत्तर आधी दे.

मोरपंखी | मंगळवार, रात्री ९:१०

आबा, हो, येतात! खाली शहाबादी फरशी आहे. मला वाटायचं नवीन तारांमुळे असेल.

तारांना हात लावला की घरघर बरीच कमी होते. चार्जर काढला की शिट्टी एकदम बंद, पण घरघर थोडी राहते. रेग्युलेटर सलग फिरणारा आहे.

वायरमन_आबा | मंगळवार, रात्री ९:३५

मग उद्या वायरमन बोलावेपर्यंत त्या बोर्डावर चार्जर लावून गिटार वाजवू नको. बॅटरीवर चालव.

सांगतो का ते. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये गोंगाट गाळायला बारीक कपॅसिटर असतात. तो गोंगाट जाण्याचा रस्ता म्हणजे अर्थिंगची तिसरी पिन. अर्थिंग नसली की रस्ता बंद, मग लॅपटॉपच्या अंगावर २३० च्या निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट एकदम किरकोळ, म्हणून नुसत्या मुंग्या. ते यूएसबीच्या वायरीतून इंटरफेसला, तिथनं गिटारच्या वायरीतून तारांना, तारांतून तुला, तुझ्यातून फरशीला. तुझी शिट्टी आणि मुंग्या, दोन्हीचं मूळ एकच असणार.

जुन्या घरात तीन पिनचा सॉकेट दिसतो पण मागं हिरवी वायर नसतेच, नाहीतर बोर्डापर्यंत येऊन तुटलेली असते. वायरमनला सांग मीटर लावून फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ असं दोन्ही मोज. दोन्हीकडं साधारण सारखंच, २३० च्या आसपास यायला पाहिजे. अर्थकडं भलतंच हलतं रीडिंग आलं तर अर्थिंग मेलंय. हे तू करू नको, त्यालाच करू दे.

रेग्युलेटरचं दुसरं. सलग फिरणारा रेग्युलेटर विजेची लाट सेकंदाला शंभर वेळा कापतो. प्रत्येक कापाला गिटारचं पिकअप ओरडतं. पंखा पूर्ण बंद करून बघ, नाहीतर खटक्यांचा लाव. त्यातल्या बहुतेकांत कपॅसिटर असतात, ते लाट कापत नाहीत.

निषाद_०७ | मंगळवार, रात्री १०:०२

आमच्या बँडमध्ये सरळ उपाय आहे. अॅम्पला टू-पिन अडॅप्टर लावतो, म्हणजे अर्थची पिन लागतच नाही. घरघर शून्य.

वायरमन_आबा | मंगळवार, रात्री १०:०८

लेकरा, हे आजपासून बंद कर. विनंती करतो.

तिसरा_फ्रेट | मंगळवार, रात्री १०:३०

निषाद, हे गांभीर्याने घे. दोन उपकरणं वेगवेगळ्या ठिकाणी अर्थला जोडलेली असली की वायरींचं एक वर्तुळ तयार होतं आणि त्यात घरघर फिरते, याला ग्राउंड लूप म्हणतात. अर्थची पिन काढली की वर्तुळ तुटतं आणि आवाज जातो, म्हणून लोकांना ते शहाणपणाचं वाटतं. पण ती पिन आवाजासाठी नाहीच. अॅम्पच्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला लागली तर पूर्ण २३० गिटारच्या तारांवर येतं. एका हातात तारा आणि ओठ माइकला लागले की करंट छातीतून जातो.

१९७२ साली वेल्समध्ये स्वान्झी इथे 'स्टोन द क्रोज' या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे भर कार्यक्रमात, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. चार वर्षांनी 'यार्डबर्ड्स'चा गायक कीथ रेल्फ घरात गिटार वाजवताना शॉक लागून गेला.

लूप तोडायचाच तर आवाजाच्या वायरीत तोडायचा. ट्रान्सफॉर्मरवाला डीआय बॉक्स (गिटारच्या वायरीत मध्ये लावायचा डबा) घे, त्यावर 'ग्राउंड लिफ्ट'चं बटण असतं. विजेचं अर्थिंग जागेवर राहतं. किंवा सगळी उपकरणं एकाच बोर्डावर, एकाच एक्स्टेन्शनवर लाव. निम्म्या वेळा एवढ्यानेच भागतं.

निषाद_०७ | मंगळवार, रात्री १०:४४

हे माहीत नव्हतं. उद्या प्रॅक्टिसला गेलो की अडॅप्टर काढतो. थँक्यू आबा, थँक्यू दादा.

मडगांवचो | बुधवार, सकाळी ६:५०

मोरपंखी, इंटरफेसवर 'इन्स्ट' किंवा गिटारचं चित्र असलेलं बटण आहे का? ते दाबलंय का?

पिकअपला समोरून साधारण १० लाख ओहमचा इनपुट लागतो. लाइनचा इनपुट दहा हजारांच्या आसपास, माइकचा त्याहूनही कमी. तिथे गिटार लावली की तिचा चमकता भाग मरतो, आवाज बारीक येतो, मग आपण गेन (आत येणाऱ्या आवाजाचा जोर) वाढवतो आणि त्याबरोबर सगळा कचराही वाढतो. मी लग्नांत आणि चर्चच्या सणांना मांडे, म्हणजे आमची गोव्याची गाणी, वाजवतो, घुमट या मडक्याच्या वाद्यासोबत आणि व्हायोलिनसोबत. हा घोळ दर दुसऱ्या ठिकाणी बघतो.

आणखी एक. आमच्याकडे खाऱ्या हवेने जॅकच्या आतली पट्टी काळी पडते. त्याचा आवाज घरघरीसारखा नसतो, वायर हलवली की 'खर्र खट्' येतो. जॅक वीसेक वेळा आतबाहेर करायचा, काँटॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारायचा. आवाजाची जात ओळखली की रोग निम्मा कळला.

तिसरा_फ्रेट | बुधवार, सकाळी ७:४०

मडगांवचो, शेवटचं वाक्य अगदी खरं. प्रत्येक आवाजाची जात वेगळी:

घुमणारी जाड 'हं' असेल तर वायरिंग, ट्रान्सफॉर्मर किंवा ग्राउंड लूप. तीच पण करकरीत, कडा असलेली असेल तर रेग्युलेटर, स्वस्त एलईडी किंवा चौकोनी लाटेचा इन्व्हर्टर. भारनियमनात इन्व्हर्टर चालू झाला की गिटारचा आवाज बदलतो तो त्यामुळेच. माउस हलवला की बदलणारी शिट्टी कॉम्प्युटरच्या पोटातली. यूएसबी २.० मध्ये सेकंदाला ८००० वेळा पाकिटं जातात, म्हणून ८००० हर्ट्झला एक टोचणारा सूर पुष्कळांना ऐकू येतो. पाऊस पडल्यासारखा एकसारखा 'स्स्स' म्हणजे गेन जास्त.

गेनचं लोक फार चुकवतात. जोरात वाजवल्यावर टोक उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. २४ बिटमध्ये खाली भरपूर जागा असते, लाल दिव्यापर्यंत न्यायची गरज नाही.

जर्सीवाली | बुधवार, सकाळी ९:१५

मी न्यू जर्सीत राहते. एक गंमत सांगते, विषयाशी जोडलेलीच आहे. भारतात वीज ५० हर्ट्झची, आमच्याकडे ६० ची. घरघर मुख्यतः त्या आकड्यावर आणि त्याच्या पटीत येते, ५०, १००, १५०. आता ९८ हर्ट्झ म्हणजे गिटारच्या सहाव्या तारेवरचा तिसरा फ्रेट, म्हणजे जी हा सूर. म्हणजे भारतातली घरघर जवळजवळ जी मध्ये असते! इकडची बी फ्लॅट आणि बी च्या मधोमध, कुठल्याच सुरात नाही.

पुण्यात शिकत होते तेव्हा जी मधली गाणी मला नेहमी 'भरलेली' वाटायची. इथे आल्यावर कळलं की माझा जुना अॅम्पच मागे तंबोरा धरून बसायचा.

मडगांवचो | बुधवार, सकाळी ९:३०

म्हणजे आपल्या तिसरा_फ्रेट यांनी स्वतःचं नाव घरघरीवरून घेतलंय!

तिसरा_फ्रेट | बुधवार, सकाळी ९:४१

मला आजच कळलं! पण यात कामाची गोष्ट आहे. घरघर घालवायला ५० आणि १०० हर्ट्झवर फिल्टर लावून कापायचा सल्ला खूप मिळतो. जी मधल्या गाण्यात तसं केलंत तर घरघरीबरोबर तुमचा खर्जही कापला जाईल. फिल्टर अगदी शेवटी, नाइलाज झाला तरच. मोरपंखी, कविता कुठल्या सुरात आहेत?

मोरपंखी | बुधवार, दुपारी ४:००

तीन जी मध्ये, दोन डी मध्ये. आईचा आवाज जी लाच छान बसतो.

आता आजचा अहवाल. एका वेळी एक बदल, सगळं वहीत लिहून ठेवलंय:

हब काढला, थेट लावलं: 'टक्' निम्म्याहून कमी. एएसआयओ ड्रायव्हर, बफर २५६: आणखी कमी, दोन मिनिटांत चार. दोन्हीकडे ४८०००: फरक नाही. लेटन्सीमॉन दहा मिनिटं: लाल पट्टी, यादीत सगळ्यात वर नेटवर्कचा ड्रायव्हर. वाय-फाय आणि ब्लूटूथ बंद: दोन मिनिटांत एक.

'इन्स्ट' बटण दाबलेलं नव्हतं! दाबल्यावर गिटार ओळखू येईना इतकी उजळ. गेन निम्मा केला आणि 'स्स्स' गेलं.

पंखा बंद केला: करकर गेली, मऊ घरघर उरली.

वायरमन उद्या सकाळी येणार. पण ती एक 'टक्' अजून का?

उबंटूकर | बुधवार, दुपारी ४:३५

ही दर वेळी त्याच जागी येते का?

मोरपंखी | बुधवार, दुपारी ४:५०

नाही! आत्ता तीनदा ऐकलं. एकदा ०:४१ ला, एकदा १:१७ ला, एकदा आलीच नाही. आणि फाइलमध्ये लाट अखंड आहे.

उबंटूकर | बुधवार, दुपारी ५:१०

म्हणजे टेक स्वच्छ आहे. गोंधळ ऐकण्याच्या बाजूला आहे. हेडफोन अजून लॅपटॉपलाच ना? मग ड्रायव्हर 'एएसआयओ फॉर ऑल' असणार, कारण कंपनीचा ड्रायव्हर लॅपटॉपच्या हेडफोनला आवाज देणारच नाही.

गिटार इंटरफेसच्या घड्याळावर आत येते, आवाज लॅपटॉपच्या घड्याळावर बाहेर जातो. दोन्ही ४८००० म्हणतात, पण दोन क्रिस्टल कधीच तंतोतंत सारखे नसतात. दहा लाखात ५० चा फरक असला तरी सेकंदाला दोन-अडीच सॅम्पल इकडेतिकडे. फरक साठत जातो आणि टाकी कधीतरी रिकामी होते किंवा भरून वाहते. हेडफोन इंटरफेसला लावा. एकच घड्याळ.

तिसरा_फ्रेट | बुधवार, दुपारी ५:२२

पहिल्या दिवशी मीच हेडफोनचं विचारलं आणि उत्तर आल्यावर त्याकडे दुर्लक्ष केलं. उबंटूकर, नेमकं पकडलंत.

इंटरफेसवर 'डायरेक्ट मॉनिटर' असेल तर तेही चालू करा. मग गिटार लॅपटॉपला वळसा न घालता थेट कानात येते आणि बफर खुशाल ५१२ ठेवता येतो. म्हणजे निषादचा पहिला सल्लाही इथे जवळपास बरोबर ठरतो.

निषाद_०७ | बुधवार, दुपारी ५:२५

🙏

मोरपंखी | गुरुवार, दुपारी १२:१५

हेडफोन इंटरफेसला. २० मिनिटांचं सलग रेकॉर्डिंग, एकही 'टक्' नाही. दोनदा ऐकलं.

आणि आबा, तुमचं निदान तंतोतंत निघालं. माडीवरच्या बोर्डामागे हिरवी वायर होती, पण जिन्याजवळच्या जोडात सुटून काळी पडलेली. कधीपासून कोण जाणे. वायरमनने नवीन ओढली आणि दोन्हीकडे मोजून दाखवलं, २३४ आणि २३३. चार्जर लावलाय, अनवाणी बसलेय, मुंग्या नाहीत. शिट्टी नाही. त्या बोर्डावर इस्त्री पण लावायचो आम्ही. रात्री झोप लागेना त्या विचाराने.

उरली ती मऊ घरघर. खुर्ची खिडकीकडे वळवली की खूप कमी होते, लॅपटॉपकडे तोंड केलं की वाढते.

मडगांवचो | गुरुवार, दुपारी १:०५

देव बरें करूं! इस्त्रीचं ऐकून अंगावर काटा आला.

उरलेली घरघर सिंगल कॉइलची. ती गुंडाळी म्हणजे अँटेनाच, हवेतली चुंबकीय घरघर उचलते. म्हणूनच दिशा बदलली की आवाज बदलतो. सगळ्यात कमी येते ती दिशा शोधा, जमिनीवर खडूने खूण करा आणि रोज तिथेच बसा. लॅपटॉप आणि चार्जर हात-दोन हात लांब.

पिकअप निवडायचा स्विच दुसऱ्या आणि चौथ्या जागेवर ठेवूनही बघा. पुष्कळ गिटारींत मधलं पिकअप उलट गुंडाळलेलं आणि उलट चुंबकाचं असतं. दोन पिकअप एकत्र चालले की तारांचा सूर जोडला जातो आणि घरघर एकमेकींना खाते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये हमबकर हा दोन गुंडाळ्यांचा पिकअप केला तो याच तत्त्वावर. पेटंट १९५९ पर्यंत हातात आलं नव्हतं, म्हणून त्या काळातल्या पिकअपखाली 'पेटंट अप्लाइड फॉर' अशी चिठ्ठी चिकटवलेली असायची, आणि आज लोक ती चिठ्ठी बघून लाखो मोजतात.

पुढेमागे गिटारीच्या पोकळीला आतून तांब्याची टेप लावा आणि ती ग्राउंडला जोडा. करकर त्याने कमी होते. पण मऊ घरघर तांब्याला दाद देत नाही, म्हणून दिशा महत्त्वाची.

जर्सीवाली | गुरुवार, संध्याकाळी ६:३०

आणि प्रत्येक टेकच्या आधी दोन सेकंद तारा दाबून शांत बसा. त्या शांततेचा नमुना देऊन उरलीसुरली घरघर सॉफ्टवेअरने काढता येते, ऑडॅसिटीतही होतं. हात मात्र हलका ठेवा. जास्त काढलंत की गिटार पाण्याखाली वाजल्यासारखी होते.

मोरपंखी | रविवार, रात्री ८:२०

पहिली कविता झाली. स्विच चौथ्या जागेवर, खिडकीकडे तोंड, खडूची खूण, पंखा बंद, चार्जर लांब. गिटारचे चार टेक केले, तिसरा ठेवला.

काल दुपारी आईचा आवाज घेतला. माइक तोंडापासून वीतभर, मागे गोधडी टांगली. एका दमात वाचलं तिने, वही न बघता. मग हेडफोन चढवून ऐकवलं. चांगला कान डावा, पण तिने दोन्हीकडचे हाताने दाबून धरले. मान हलवली नाही. म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात मी 'सांज' म्हटलंय, वहीत 'तिन्हीसांज' आहे. परत घे." म्हणजे शब्द न् शब्द ऐकू आला.

आता एक शंका. तिसऱ्या कडव्यानंतर खिडकीतली चिमणी आलीये रेकॉर्डिंगमध्ये. अगदी स्पष्ट, दोनदा. काढता येईल का?

जुना_रेडिओ | रविवार, रात्री ८:२६

आईंना विचारलंत का?

मोरपंखी | रविवार, रात्री ८:४०

विचारलं. म्हणाली, तिला कशाला काढतेस, ती रोज येते.

वायरमन_आबा | रविवार, रात्री ९:१०

राहू दे मग. आणि वायर नवीन झाली तरी अंगणातला अर्थिंगचा खड्डा कधी बघितलाय का? कोळसा-मिठाचा असेल तर उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी ओतत जा. माती वाळली की अर्थिंग पुन्हा झोपतं.

मोरपंखी | रविवार, रात्री ९:१४

खड्डा कुठे आहे तेच माहीत नाही आबा. सकाळी आईला विचारते, तिला ठाऊक असेल.